सातव्या खांबाच्या पलीकडे

"जैतूबाई, उठा आता. पाइप जोडायचाय," मी म्हणालो.

"जोडा न जी. मी कोठं नाई म्हणते? पयले अंदर जाऊन पाहून या, मंग जोडा."

ती खाणीच्या तोंडाशी, बरोबर मधोमध बसली होती. लुगड्याचा पदर डोक्यावरून ओढलेला, बाजूला पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकर. एप्रिल महिना होता. चंद्रपूरकडचा एप्रिल ज्याने पाहिलाय त्याला सकाळी नऊचं ऊन म्हणजे काय हे सांगायला नको. मागे राखेचे टँकर येऊन उभे राहिले होते आणि ड्रायव्हर लोक सावली शोधत होते. सकाळपासून तीन जणांनी तिला समजावून पाहिलं होतं. वॉचमनने आवाजही चढवला होता. बाई हलली नव्हती.

पिंपळझरीची खाण तशी लहान. जमिनीत उतरत गेलेला एक बोगदा, त्याला आम्ही इन्क्लाइन म्हणत असू. खाली गेल्यावर कोळशाचेच जाड खांब सोडून मधून खोदलेले रस्ते. हे सगळं एका खाजगी मालकाच्या काळातलं. १९७१ साली वरच्या नाल्याचं पाणी खाली घुसलं, तीन माणसं बुडाली आणि मालकाने खाण सोडून दिली. पुढे खाणी सरकारकडे आल्या, पण ही पाण्याने भरलेली खाण कोणी उघडली नाही. वीस-बावीस वर्षं ती तशीच पडून होती. मग शेजारी मोठी उघडी खाण सुरू झाली, तिच्या पंपांनी भोवतालचं पाणी ओढून घेतलं आणि पिंपळझरीतलं पाणी हळूहळू उतरलं. पाणी गेलं तिथे हवा आली, आणि जुन्या कोळशाला हवा लागली की तो आपला आपण धुमसतो. हिवाळ्यात वस्तीमागच्या भेगांतून धूर निघू लागला. एकाची म्हैस जमिनीत गेली. वर चाळीस घरं होती. म्हणून आतल्या पोकळ्या वीज केंद्राची राख पाण्यात कालवून भरायच्या, तोंड बंद करायचं आणि वर माती टाकून झाडं लावायची असं ठरलं. मी त्या कामावर सर्व्हेअर होतो. एकतीस वर्षांचा. नोकरीत कायम होऊन आठ महिने झाले होते.

जैतूबाई मडावीची आणि माझी ओळख दोन महिन्यांची. मी वर मोजमाप घेत फिरायचो तेव्हा ती सरपण गोळा करत असायची. जुना नाला कुठून वाहायचा, मालकाचं ऑफिस कुठे होतं, हे सगळं तिनेच मला दाखवलं. मला ती 'नकाशेवाले साहेब' म्हणायची. एकदा मोहाच्या झाडाखाली बसून तिने तिची हकीकतही सांगितली होती.

तिचा नवरा पैकू या खाणीत कामाला होता. पाणी घुसलं त्या दिवशी तो पहाटे डबा घेऊन कामावर गेला तो परत आला नाही. तीन प्रेतं निघाली, त्यांत तो नव्हता. ती ऑफिसात गेली तर हजेरीबाबूने रजिस्टर उघडून दाखवलं, त्या दिवशी पैकूचं नावच नाही. "तो आलाच नाही कामावर," बाबू म्हणाला. चार दिवसांनी गावात बोललं जाऊ लागलं, की पैकू विटाभट्टीवरच्या एका बाईला घेऊन पळाला. ती बाईही नेमकी त्याच आठवड्यात गाव सोडून गेली होती. लोकांना तेवढं पुरे झालं.

"मी बांगड्या फोडल्या जी," जैतूबाई मला म्हणाली होती. "माह्या हातानं. सासूनं मारलं मले. म्हणे, जित्या माणसाची बायको रांडव होते काय? पण मले मालूम हाय. आदल्या राती मले सांगे, मालकानं भरोशाचा म्हणून मले निवडलं, नाल्याच्या अंगाले नवा रस्ता काढून राह्यलो, कोणाले सांगू नको. माहा नवरा अंदरच हाय. एकशे सतरा नंबरचा बिल्ला होता त्याच्या कमरेले."

गोंडांत मेलेल्या माणसाला विधी करून पूर्वजांत मिळवतात. तिने गावच्या जाणत्यांना किती वेळा विनवलं. ते म्हणाले, मेला याची खूण आण. लेक शेवंता लहानाची मोठी झाली, तिचं लग्न झालं, आणि सासरी तिला पळपुट्याची पोर म्हणत. तरीही बाई एका शब्दाने बदलली नाही. जो भेटेल त्याला सांगायची, तो पळणारा नव्हता, तो अंदर हाय.

आणि आता आम्ही ते 'अंदर' कायमचं भरून टाकायला आलो होतो.

दुपारी तळवेकर साहेबांची जीप आली. ते कामाचे प्रमुख. बाईकडे पाहून ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "ठेंगणे, पोलीस बोलावून उचलता येईल, पण वस्ती बिथरेल. तुम्हाला शेवटची पाहणी करायचीच आहे ना? उद्या जा, पाहून या आणि तिला सांगा काय ते. तुमचं ऐकते म्हणे."

मी तिला जाऊन सांगितलं. ती लगेच उठली. पदर झटकून म्हणाली, "तुमी सोता जान?"

"मी स्वतः जातो."

"नाल्याच्या अंगाले पाहजा. तुमच्या डोळ्यानं पाहून या. तुमी जे सांगान ते मी मानीन. हाये म्हणान त हाये, नाई म्हणान त नाई. पुन्हा तोंड नाई उघडणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि ओदेलू सरदार खाली उतरलो. ओदेलू मूळचा तेलंगणातला, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. विषारी वायू आहे की नाही ते दिव्याच्या ज्योतीवरून ओळखायचं हे त्याचं, म्हणजे खाणीतल्या सरदाराचं, काम. तो तरुणपणी याच खाणीत कोळशाच्या गाड्या ढकलायचा हे मला माहीत होतं, पण त्या दिवसांबद्दल तो कधी बोलत नसे. आत दमट, गरम हवा होती आणि कुजकट वास. पाणी उतरून गेलेल्या भिंतींवर चिखलाचे थर वाळले होते. मी मालकाच्या काळातला नकाशा हातात घेऊन खांब मोजत होतो. नाल्याच्या बाजूला सात खांब दाखवले होते, आणि सातव्यानंतर सलग कोळसा. रस्ता नाही.

सातव्या खांबाशी दगडांचा ढीग होता. मी वळणार होतो, पण ओदेलूचा दिवा त्या ढिगावरच थांबला. मी जवळ जाऊन पाहिलं तर ढिगाच्या वरच्या अंगाला, छताखाली, माणूस पोटावर सरकून जाईल एवढी फट होती. हाताला हवेची हलकी झुळूक लागली.

"ओदेलू, इथं रस्ता आहे."

"नकाशात नाही साब."

"तुला माहीत होतं?"

त्याने ज्योत निरखत म्हटलं, "हवा ठीक आहे. तुम्ही पाहून या. मी इथं थांबतो. मी काही पाहिलेलं नाही, साब. मला काही विचारू नका."

मी आत सरकलो. पलीकडे नाल्याची वाळू पसरलेली होती. छत इथंच फुटलं असणार. वरचं भोक मालकाने तेव्हाच मातीची पोती टाकून बुजवलेलं दिसत होतं. वाळूवरून रांगत पुढे गेलो तर रस्ता चढत गेलेला, उभं राहता येईल एवढा. सवयीने मी पावलं मोजत होतो. बेचाळीसाव्या पावलाला रस्ता संपला.

तो तिथं होता.

त्या टोकाला, सगळ्यात उंच जागी, कोळशाच्या भिंतीला टेकून हाडं खाली घसरली होती. शेजारी एक कुदळ भिंतीला नीट लावून ठेवलेली. अ‍ॅल्युमिनियमचा डबा, त्याच्या झाकणाला तार. आणि हाडांमध्ये, कुजलेल्या करदोट्याला अडकलेला पितळी बिल्ला. मी तो अंगठ्याने पुसला. ११७.

भिंतीवर पाण्याची रेघ होती. ती त्याच्या बसायच्या जागेच्या हातभर खाली संपत होती. मी ती रेघ बराच वेळ पाहत राहिलो. पाणी त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तो बुडाला नव्हता. हवेच्या त्या कोंडलेल्या पोकळीत तो बसून राहिला होता, कोणी येईल म्हणून. वर पंप लावून तीन प्रेतं काढली, आणि शोध थांबला. कारण हा रस्ता नकाशात नव्हता. चोरून, नाल्याखाली खोदलेला. रस्ता नकाशात नाही म्हणून माणूस हजेरीत नाही. माणूस शोधायचा तर रस्ता कबूल करावा लागला असता.

मी बिल्ला खिशात घातला आणि परत आलो. ओदेलूने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दिवा खाली केला.

मी आधी तळवेकरांकडे गेलो. तंबूत त्यांच्या टेबलावर बिल्ला ठेवला आणि सगळं सांगितलं. रेघेचंही सांगितलं. त्यांनी बिल्ला उचलून उलटापालटा करून पाहिला. वाईट माणूस नव्हता तो, हे मला आजही म्हणावं लागतं.

"बसा," ते म्हणाले. "आता काय होईल ते ऐका. पोलिसांना कळवायचं. पंचनामा. खाण सुरक्षावाले येतील, ते भरणा थांबवतील. दोन महिने, कदाचित चार. तोवर तोंड उघडं. उघड्या तोंडातून हवा आत जात राहणार. आग वस्तीपासून किती लांब आहे?"

"साठ मीटर."

"चार महिन्यांत?"

हिशोब मीच करून दिला होता त्यांना.

"चाळीस घरं आहेत, ठेंगणे. दुसरीकडे हलवा म्हणून वर्षभर लिहितोय, कोणी हलवत नाही. मेलेल्या एकासाठी जिवंत चाळीस घरं पणाला लावायची का?"

"साहेब, बाईला तरी सांगू. फक्त तिला."

"तिला सांगितलंत की ती हाडं मागेल. मागणारच. तिच्या जागी मी असतो तर मीही मागितली असती. मग तीच तोंडाशी बसेल, आणि या वेळी सगळी वस्ती तिच्यासोबत असेल." त्यांनी बिल्ला माझ्याकडे सरकवला. "त्याला आहे तिथेच माती मिळेल. मी हुकूम देत नाही. तुम्ही ठरवा."

हुकूम दिला असता तर बरं झालं असतं. आयुष्यभर त्यांच्या नावाने बोटं मोडता आली असती. मी तंबूबाहेर आलो, टँकरच्या सावलीत एक पूर्ण बाटली पाणी प्यालो आणि ठरवलं. मनाची समजूतही घातली. मेला म्हणून ऐकण्यापेक्षा, कुठेतरी जिवंत असेल हे ऐकणं काही वाईट नाही. सत्तावीस वर्षं झाली. तिला तरी आता काय फरक पडणार?

ती मोहाच्या झाडाखाली उभी होती. मला पाहून दोन पावलं पुढे आली.

"पाह्यलं?"

"पाहिलं, जैतूबाई. सगळीकडे पाहिलं."

"नाल्याच्या अंगाले?"

"तिकडेही."

"मंग?"

"काही नाही तिथं. कोणी नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं रडेल, नाहीतर शिव्या देईल. तसं काही झालं नाही. फक्त इतके दिवस ताठ असलेली तिची मान किंचित खाली आली.

"कोनाकोपरा पाह्यला?"

"हो."

"रस्ता नाई तिकडे?"

"नाही. सातव्या खांबानंतर कोळसाच आहे."

"हाव," ती म्हणाली. मग स्वतःशीच बोलावं तसं, "मंग लोक खरंच सांगत होते."

तिने झाडाखालचं भाकरीचं गाठोडं उचललं. जाताना माझ्यापाशी थांबली. "तुमाले लय तरास देला जी. माफ करजा." आणि वस्तीकडे चालू लागली. मी तिला आतापर्यंत घाईघाईने चालणारी बाई म्हणूनच ओळखत होतो. त्या दिवशी ती मधलं शेत पार करायला किती वेळ घेत होती.

दुसऱ्या दिवशी राखेचं पाणी आत सोडलं. पहिला लोंढा इन्क्लाइनमधून खाली जाऊ लागला तेव्हा मी कोणी पाहत नाही असं बघून बिल्ला त्यात टाकला. ज्याचा त्याला पोचेल, असं काहीतरी मनात म्हटल्याचं आठवतं. एकोणीस दिवस राख जात राहिली. मग तोंडाशी दगडी भिंत बांधली, वरच्या जमिनीवर मुरूम, त्यावर काळी माती. शेवटचा नकाशा मी काढला. सातव्या खांबापुढे सलग कोळसा दाखवला. पहिल्या सर्व्हेअरने मालकाच्या भीतीने जे केलं, ते मी कोणाच्याही भीतीशिवाय केलं.

वस्ती वाचली. धूर थांबला. हेही खरं आहे आणि ते सांगितलं पाहिजे.

पुढे माझी बदली झाली. नागपूरला आलो, लग्न झालं, मुलगी झाली. कामात अंधाऱ्या जागा पुष्कळ पाहिल्या, पण झोपेत दिसायची ती पाण्याची रेघच. मग एकदा पिंपळझरीचा जुना वॉचमन ऑफिसात भेटला. चहा पिताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "जैतूबाई कशी आहे?"

"आहे. पण बिघडली बाई, साहेब."

"म्हणजे?"

"खाण बंद झाली त्याच्या आठवड्यात तिनं बांगड्या भरल्या. हिरव्या. भर चौकात कासाराकडे बसून. बाया हसल्या. सत्तावीस वर्षं भांडली सगळ्यांशी, आता म्हणे, 'हाव, पळाला माहा नवरा. तुमचंच खरं होतं.' ज्याच्या त्याच्या दारी जाऊन माफी मागून आली. सासू तर कवाची मेली, तिच्या लेकीच्या घरी जाऊन पाया पडली. स्वतःच्या लेकीकडे जाणं मात्र सोडलं. म्हणे, कोणत्या तोंडानं जाऊ?"

तेव्हा पहिल्यांदा मला कळलं मी काय केलं होतं. मी तिला आशा दिली असं समजत होतो. तिच्याकडे आशा नव्हतीच कधी, तिला ती नकोही होती. तिच्याकडे एकच गोष्ट होती. आपला माणूस आपल्याला सोडून गेला नाही, ही. सगळं गाव, सासू, कंपनी, कोणालाच ती हिसकावता आली नव्हती. तिने ती माझ्या हातात दिली होती, मी पाहून यावं म्हणून.

तरी जायला मला आणखी वर्ष लागलं. २००४ च्या डिसेंबरात गेलो. खाणीच्या जागी आता रान झालं होतं. शिसव, बांबू, करंज, डोक्याच्या वर गेलेले. कुंपण होतं, आणि शेळ्या आत येऊ नयेत म्हणून रोजंदारीवर एक राखणदारीण ठेवलेली होती. ती जैतूबाईच होती. म्हातारी झाली होती. हातात काठी आणि मनगटभर हिरव्या बांगड्या.

"अगा बाप्पा, नकाशेवाले साहेब!" तिने लगेच ओळखलं. "पाहा न, तुमचं जंगल कसं झालं त."

आम्ही एका शिसवाखाली बसलो. मी फार वाट पाहिली नाही. वाट पाहिली असती तर परत फिरलो असतो.

"जैतूबाई, मी तुमच्याशी खोटं बोललो होतो. पैकू आत होता. मी पाहिला. सातव्या खांबाच्या पलीकडे रस्ता होता, त्याच्या टोकाला. बिल्ला होता एकशे सतरा नंबरचा. डबा होता. तो कुठंही पळाला नव्हता."

तो तिथं किती वेळ बसून राहिला असेल, हे मात्र मी सांगितलं नाही.

ती शांतपणे ऐकत होती. मग तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. आजारी लेकराकडे पाहून येतं तसं.

"नंबर त मीच तुमाले सांगतला होता जी."

"डबा अ‍ॅल्युमिनियमचा होता. झाकणाला तार."

"साऱ्याइचे डबे तसेच राहत. तो बिल्ला कोठं हाय?"

"मी... मी तो राखेत टाकला."

"आन नकाशात तो रस्ता?"

"नकाशात मी दाखवला नाही."

"दुसरं कोणी होतं तुमच्यासंगं?"

"ओदेलू सरदार. गेल्या साली वारला, त्याच्या गावी."

तिने मान हलवली. माझा हात हातात घेतला. तिचा तळवा खरखरीत होता आणि गरम.

"तुमाले कोणी सांगतलं असंन माह्याबद्दल. म्हणून आले तुमी इतक्या दूर. मन लय चांगलं हाय तुमचं. पण माह्यासाठी खोटं नका बोलू."

"हे खोटं नाही, जैतूबाई! तेव्हाचं खोटं होतं. माझ्या मुलीची शपथ घेतो."

"नका घेऊ," ती एकदम म्हणाली. "लेकराची शप्पत नका घेऊ."

लांब कुठेतरी उघड्या खाणीत सुरुंग उडाला आणि जमीन जराशी हलली. तिचा हात अजून माझ्या हातावर होता. बोलली तेव्हा आवाज खाली गेला होता.

"आइका जी. तुमी नाई म्हणलं न, त्या दिवशी मी मेलीच होती. दोन वर्सं मी त्याले शिव्या देल्या. रोज. मंग एक दिवस वाटलं, कोठंतरी असंन बिचारा. म्हातारा झाला असंन माह्यासारखाच. लेकरं असतीन त्याले. गुडघे दुखत असतीन, त्याचे तवाच दुखत. त्या बाईनं त्याले सुखात ठेवलं असंन त ठेवो. लय दिवसानं मी त्याले माफ केलं. आता संध्याकाळी भाकर टाकते त मनात म्हणते, जेवला असंन तो बी." तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. "सहा वर्सं लागली मले त्याले जिता करायले. आता मारून नका टाकू."



कुंपणापाशी दोन शेळ्या आत घुसल्या होत्या. ती काठी टेकत उठली, हाकलत गेली, आणि तिकडून ओरडून म्हणाली, "जेवल्याबिगर जाऊ नका हो! भाकर हाय."

आम्ही जेवलो. ज्वारीची भाकर आणि आंबाडीची भाजी. तिने मला वाढलं, मग स्वतः घेतलं आणि पुढ्यात पाय पसरून सावकाश खात बसली. मी सर्व्हेअर माणूस. वर झाडं वाढली, कुंपणं बदलली, तरी खालचं माप माझ्या डोक्यातून जात नाही. इन्क्लाइनच्या तोंडाची भिंत उजव्या हाताला दिसत होती. तिथून सात खांब, आणि पुढे बेचाळीस पावलं. ती बसली होती तिथून सरळ खाली, अठ्ठावीस मीटरवर, तो होता.

"काहून थांबले?" ती म्हणाली. "घ्या न अजून."

मी अर्धी भाकर आणखी घेतली.